पहिले बाळंतपण रुग्णालयातच करायचे आहे. सोलापुरात मिडवाइफ कशी निवडावी?

जुळे सोलापूरची पहिलटकरीण

नमस्कार. मी जुळे सोलापूर भागात राहते. हे माझे पहिलेच गरोदरपण असून सध्या बाविसावा आठवडा चालू आहे. दिवस जानेवारीच्या मध्यात भरतात, म्हणजे ऐन गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेत. आतापर्यंतच्या सर्व तपासण्या आणि सोनोग्राफी व्यवस्थित आहेत, रक्तदाब नेहमीसारखा आहे आणि हिमोग्लोबिन अकराच्या थोडे वर आहे.

माझ्या चुलत नणंदेचे बाळंतपण हैदराबादेतील एका रुग्णालयात मिडवाइफच्या देखरेखीखाली झाले. सातव्या महिन्यापासून तिची तपासणी करणारी प्रशिक्षित मिडवाइफच कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीवर ठेवेपर्यंत तिच्याजवळ होती. डॉक्टर त्याच मजल्यावर होत्या, परंतु त्यांना बोलावण्याची वेळ आली नाही. तिच्याकडून हे सर्व ऐकल्यापासून आपल्यालाही अशी कोणीतरी हवी, असे मला वाटू लागले आहे. घरी प्रसूती करण्याचा विचार माझ्या मनात मुळीच नाही. मला रुग्णालयच हवे आहे, फक्त कळांच्या त्या लांबलचक तासांत माझ्याजवळ जाणती आणि ओळखीची व्यक्ती असावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मी ज्या डॉक्टरांकडे तपासणीसाठी जाते त्या अनुभवी आहेत आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मात्र त्यांना मिडवाइफबद्दल विचारले असता, "आपल्याकडे सिस्टर असतात, वेगळी मिडवाइफ नसते," एवढेच उत्तर मिळाले. त्यामुळे मला जाणकारांना विचारायचे आहे की, सोलापुरात अशी प्रशिक्षित मिडवाइफ स्वतंत्रपणे मिळते का, मिळाल्यास तिचे शिक्षण आणि नोंदणी कशी पडताळावी, आणि बाहेरून ठरवलेल्या व्यक्तीला रुग्णालय आपल्या लेबर रूममध्ये येऊ देते का. आणखी एक अडचण घरगुती आहे. पहिले बाळंतपण माहेरीच व्हावे, असा आईचा आग्रह आहे आणि माझे माहेर बार्शी तालुक्यात आहे. तिकडे गेले तर येथे केलेली सगळी निवड व्यर्थ ठरेल, अशी भीती वाटते.

निवृत्त परिचारिका

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण पहिलटकरणी बहुधा डॉक्टर कोण आणि खोली वातानुकूलित आहे का, एवढेच विचारतात. कळांच्या वेळी उशाशी कोण असणार, हे फारसे कोणी विचारत नाही. माझी बहुतेक नोकरी सरकारी रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षांत गेली, त्या अनुभवावरून लिहिते.

आधी आपल्याकडची परिस्थिती. परदेशात स्वतंत्रपणे काम करणारी मिडवाइफ निवडून तिच्यासह रुग्णालयात दाखल होता येते, तशी सोय सोलापुरात मला ठाऊक नाही. हैदराबादची गोष्ट वेगळी आहे. तेथील फर्नांडिस हॉस्पिटलने २०११ पासून मिडवाइफ घडवण्याचे शिक्षण सुरू केले आणि तेलंगण सरकारनेही २०१७ मध्ये करीमनगर येथे असे प्रशिक्षण सुरू केले. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. जीएनएम (सामान्य परिचर्या आणि प्रसूतिशास्त्राची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या परिचारिकांना आणखी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन, कमी जोखमीच्या गरोदर स्त्रियांची जबाबदारी स्वतंत्रपणे घेऊ शकणाऱ्या मिडवाइफ तयार करायच्या, अशी ती योजना आहे. योजना चांगली आहे, पण ती प्रत्येक शहराच्या प्रत्येक लेबर रूमपर्यंत पोहोचायला वेळ लागेल आणि तुमचे बाळ काही तोपर्यंत थांबणार नाही.

याचा अर्थ सोलापुरात मिडवाइफ नाहीत, असा मात्र होत नाही. जीएनएमच्या अभ्यासक्रमात प्रसूतिशास्त्राचा भाग असतो आणि तो पूर्ण करणारी परिचारिका महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि प्रसाविका (म्हणजेच मिडवाइफ) अशा दोन्ही नात्यांनी नोंदली जाते. एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) झालेल्यांचीही तेथे स्वतंत्र नोंदणी असते. तुमच्या डॉक्टरांनी ज्यांना सिस्टर म्हटले, त्यांच्यापैकी काही जणी कायद्याने आणि कौशल्याने मिडवाइफच आहेत. म्हणून व्यक्ती शोधत फिरण्याऐवजी, अशा नोंदणीकृत सिस्टर चोवीस तास हजर असतात आणि त्यांना त्यांचे काम करू दिले जाते, असे रुग्णालय निवडा, असा माझा सल्ला राहील.

चोवीस तास हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. बाळंतपणे रात्री-अपरात्रीही होतात, आणि काही छोट्या खाजगी प्रसूतिगृहांत दिवसा शिकलेली सिस्टर असते, तर रात्री तिच्याच हाताखाली तयार झालेली, परंतु कोणतेही शिक्षण न झालेली मुलगी तोच पोशाख घालून उभी असते. त्या मुली कष्टाळू असतात आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, परंतु बाळाचे ठोके कमी झाले आहेत हे वेळीच ओळखणे हे शिकलेल्या व्यक्तीचे काम आहे. त्यामुळे रुग्णालयात गेल्यावर, "रात्रपाळीला लेबर रूममध्ये किती सिस्टर असतात, त्यांचे शिक्षण काय आणि त्यांची परिषदेकडे नोंदणी आहे का?" असे सरळ विचारावे. यात कोणाचा अपमान नाही. चांगल्या इन्चार्ज सिस्टर असे प्रश्न विचारणाऱ्या बाईला उलट मान देतात.

त्यानंतर त्या सिस्टर काम कसे करतात, हे पाहावे. शिकलेली प्रसाविका पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती वेळ टिकली, हे मोजते. बाळाचे ठोके ती पहिल्या टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि जोर लावण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी ऐकते, आणि ते मिनिटाला ११० ते १६० या मर्यादेत आहेत की नाहीत, हे कागदावर लिहिते. खालून तपासणी साधारण चार तासांनी पुरते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने हात घालून पाहावे, अशी काही गरज नसते. कळा चालू असताना ती तुम्हाला चालू देते, कुशीवर वळू देते, पाणी आणि हलके खाणे घेऊ देते. पोटावर वरून दाब देऊन बाळ खाली ढकलण्याची जुनी रीत ती वापरत नाही, आणि प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट कात्री लावत नाही. या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींत स्पष्टपणे नाकारल्या आहेत, तरी काही ठिकाणी त्या आजही चालतात. बाळ बाहेर आल्यावर नाळ किमान एक मिनिट थांबून कापली जाते, बाळ पुसून थेट आईच्या छातीवर दिले जाते आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायला घेतले जाते. वार पडल्यावर ती पूर्ण आली आहे की नाही, हे उलटसुलट करून तपासले जाते. पुढचे दोन तास गर्भाशय घट्ट राहते का आणि रक्तस्राव किती होतो, यावर नजर ठेवली जाते. सगळे पेढे वाटण्यात गुंतलेले असताना ती सिस्टर तुमच्या ओटीपोटावर हात ठेवून उभी असेल, तर ठिकाण योग्य निवडले असे समजा.

माहेरच्या प्रश्नाबद्दल एवढेच सांगते की, प्रसूती कोठे करायची हे चौतिसाव्या आठवड्याच्या आत ठरवावे आणि मग बदलू नये. नवव्या महिन्यात जुनी फाइल घेऊन अनोळखी दवाखान्यात जाणाऱ्या मुलींची परवड मी पाहिलेली आहे. बाळंतपण सोलापुरात आणि त्यानंतरचा विसावा माहेरी, असे आईला समजावता आले तर तिचाही मान राहतो आणि तुमचीही सोय होते.

साखर पेठेतील वहिनी

सिस्टरांनी फार सविस्तर लिहिले आहे, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या बाळंतपणात मी पुण्याहून एका जन्मसाथीची, म्हणजे कळांच्या वेळी सोबत राहून धीर देणाऱ्या बाईची, मदत घेतली होती. गरोदरपणात तिने मला व्हिडिओवर श्वासाचे आणि बसण्या-उठण्याचे प्रकार शिकवले आणि प्रसूतीच्या वेळी ती स्वतः सोलापुरात येऊन राहिली. रुग्णालयाने तिला माझी नातेवाईक म्हणून आत येऊ दिले. ती नसती तर मी पहिल्या काही तासांतच सिझर करा म्हणाले असते. रुग्णालयातील सिस्टर कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्यावर एकाच वेळी तीन-चार बायकांची जबाबदारी असते; एकीजवळ बसून राहणे त्यांना शक्य नसते. त्यामुळे ज्यांना परवडते त्यांनी अशी व्यक्ती अवश्य घ्यावी, आणि मिडवाइफच्या नावाखाली जे समाधान तुम्ही शोधत आहात, ते बहुधा तुम्हाला तिच्याकडून मिळेल.

निवृत्त परिचारिका

वहिनी, धीर देणारी व्यक्ती जवळ असण्याचा फायदा मी नाकारत नाही. तो जगभरच्या अभ्यासांतही दिसलेला आहे. अशा आधाराविषयीच्या सव्वीस चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये निघाला होता. त्यात सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांच्या नैसर्गिक प्रसूती अधिक झाल्या आणि कळांचा काळही थोडा कमी झाला, असे आढळले. मात्र जन्मसाथी बाळाचे ठोके ऐकत नाही, रक्तदाब मोजत नाही, रक्तस्राव वाढला तर इंजेक्शन देत नाही आणि काही बिघडल्यास तिच्यावर कोणतीही वैद्यकीय जबाबदारी येत नाही. म्हणून तिला प्रसाविकेच्या जागी मोजू नये. तिने सिस्टरांच्या सोबतीला असावे, त्यांच्याऐवजी नव्हे. आणि तिला नातेवाईक म्हणून आत नेण्यापेक्षा डॉक्टरांना आधी खरे सांगून परवानगी घेतलेली बरी, कारण ऐन वेळी वाद झाला तर त्याचा ताण शेवटी बाळंतिणीवरच येतो.

अक्कलकोट रोडवरचा बाबा

मी वडिलांच्या बाजूने थोडे लिहितो. आमचे बाळ आता काही महिन्यांचे आहे. माझी नोकरी एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात असल्याने खर्चाचा विचार आम्हाला आधी करावा लागला. खाजगी रुग्णालयात जाऊन दरपत्रक मागायला आम्ही सुरुवातीला संकोचत होतो, परंतु २०२१ पासून राज्यातील शुश्रूषागृहांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते, हे समजल्यावर आम्ही प्रत्येक ठिकाणी आधी भिंतीच पाहिल्या. नैसर्गिक प्रसूतीचा आणि सिझरचा दर, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागल्यास रोजचा खर्च आणि भूलतज्ज्ञांचे शुल्क वेगळे आहे का, एवढे विचारून घ्यावे.

सरकारी पर्यायांकडे नाक मुरडून पाहू नये, असेही मला वाटते. महापालिकेचे डफरीन प्रसूतिगृह आणि सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ही दोन्ही नावे सोलापुरातल्या प्रत्येक घराला माहीत आहेत. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि दाखल असतानाचा आहार यांचा खर्च कुटुंबावर येत नाही. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपयेही पात्र कुटुंबांना मिळतात. त्यासाठी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे चौकशी करावी आणि माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवावे. सरकारी ठिकाणी गर्दी आहे, स्वच्छतागृहांविषयी तक्रारी असतात आणि पतीला आत येऊ देतीलच असे नाही, हेही तितकेच खरे आहे.

आणखी एक सुचवतो. आपण निवडलेल्या रुग्णालयात रात्री नऊ-दहानंतर एकदा सहज जाऊन यावे. दिवसा सगळीच रुग्णालये चांगली दिसतात. दारावर कोण आहे, सिस्टर जाग्या आहेत का, लिफ्ट चालू आहे का आणि दिवे गेल्यावर काय होते, हे रात्रीच कळते.

स्त्रीरोगतज्ज्ञ, सोलापूर

वरील चर्चा समंजस आहे. डॉक्टरांच्या बाजूचे काही मुद्दे मांडतो.

निरोगी पहिलटकरणीची देखभाल प्रशिक्षित मिडवाइफने करावी आणि प्रसूतितज्ज्ञाने मागे उभे राहावे, या पद्धतीला माझा विरोध नाही. उलट आपल्याकडे ती रुजली तर डॉक्टरांचा वेळ खरोखर जोखमीच्या रुग्णांना मिळेल. परंतु कमी जोखीम हे प्रमाणपत्र एकदा मिळाले की प्रसूतीपर्यंत टिकते, असे नाही. आज बाविसाव्या आठवड्यात रक्तदाब व्यवस्थित असलेल्या स्त्रीचा रक्तदाब छत्तिसाव्या आठवड्यात १४०/९० च्या वर जाऊ शकतो. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केलेल्या तपासणीत साखर वाढलेली आढळू शकते. बाळ शेवटपर्यंत पायाळू राहू शकते किंवा वार खाली असल्याचे दिसू शकते. अशा वेळी देखरेखीची सूत्रे डॉक्टरांकडे येतात. म्हणून रुग्णालय निवडताना सिस्टर कोण, याबरोबरच गुंतागुंत झाल्यास पुढे काय होते, हाही प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारावा.

सोलापुरातील अनेक छोट्या प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ बोलावल्यावर येतात. यात गैर काही नाही, परंतु रात्री दोन वाजता बोलावले तर ते किती मिनिटांत पोहोचतात, हे विचारून ठेवावे. तातडीच्या सिझरमध्ये निर्णय झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत साधारण तीस मिनिटांचा दंडक मानला जातो. त्यातील पंधरा-वीस मिनिटे कोणी रेल्वे लाइन्स भागातून किंवा होटगी रोडवरून येण्यातच गेली, तर उरलेला वेळ फार थोडा असतो. रक्त कोठून आणले जाते आणि नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की दुसरीकडे न्यावे लागते, हेही समजून घ्यावे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाचा मोठा फायदा येथेच आहे, कारण निवासी डॉक्टर आणि तज्ज्ञ तेथे रात्रंदिवस असतात. मात्र शिकाऊ डॉक्टरांची ये-जाही तेथे असते आणि ज्यांना शांतता हवी त्यांना ती खटकू शकते.

आता सिझरच्या प्रमाणाविषयी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. एवढी मोठी तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी समजावता येत नाही, हे मी खाजगी व्यवसायात असूनही मान्य करतो. तरीसुद्धा एखाद्या डॉक्टरला केवळ "तुमचे सिझरचे प्रमाण किती?" असे विचारून फारसे हाती लागत नाही, कारण ज्यांच्याकडे पूर्वी सिझर झालेल्या स्त्रिया अधिक येतात त्यांचे एकूण प्रमाण आपोआप जास्त दिसते. त्याऐवजी, दिवस भरलेल्या, एकच आणि डोके खाली असलेले बाळ असलेल्या, स्वतःहून कळा सुरू झालेल्या पहिलटकरणींपैकी किती जणींचे सिझर होते, असे विचारावे. नेमका आकडा ताबडतोब सांगता आला नाही तरी प्रश्न ऐकल्यावर डॉक्टर कसे बोलतात, यावरून पुष्कळ काही कळते.

पहिलटकरणींच्या सिझरचे एक कारण असते घाई. पिशवीचे तोंड तीन सेंटिमीटर उघडले असताना दाखल केले, चार तासांत प्रगती दिसली नाही म्हणून सलाइनमधून कळांचे औषध लावले, कळा असह्य झाल्या, ठोके बिघडले आणि सिझर झाले, असा क्रम पुष्कळदा दिसतो. पाच सेंटिमीटरनंतरच प्रसूतीचा खरा सक्रिय टप्पा सुरू झाला असे आता मानले जाते आणि पहिल्या खेपेला तेथून पुढे बारा तासांपर्यंतचा काळ स्वाभाविक धरला जातो. हा संयम नातेवाइकांनाही ठेवावा लागतो. "डॉक्टर, अजून किती वेळ? काहीतरी करा की," असे दर अर्ध्या तासाला बाहेरून आत विचारले जाते, त्याचाही परिणाम निर्णयावर होतो आणि हे कोणी बोलून दाखवत नाही.

सिस्टरांशी एका बाबतीत मात्र माझा मतभेद आहे. त्यांनी वेदनाशमनाचा उल्लेखच केला नाही. स्त्रीला हवी असल्यास पाठीतून देण्याची भूल ही योग्य सोय आहे आणि ती मागणे म्हणजे हार मानणे नव्हे. सोलापुरात ती प्रत्येक ठिकाणी, विशेषतः रात्री, मिळेलच असे नाही. म्हणून हवी असल्यास आधीच विचारून ठेवावे. खाजगी रुग्णालय निवडत असाल तर त्याला स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेचे 'मान्यता' मानांकन आहे का, हेही पाहावे. त्यात प्रसूतीच्या सोळा वैद्यकीय निकषांवर रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची तयारी तपासली जाते. सरकारी रुग्णालयांसाठी २०१७ पासून 'लक्ष्य' हा तसाच कार्यक्रम आहे.

जुळे सोलापूरची पहिलटकरीण

सर्वांचे मनापासून आभार. मिडवाइफचे नाव आणि फोन क्रमांक मिळेल, या अपेक्षेने मी प्रश्न विचारला होता. आता व्यक्ती शोधण्याऐवजी मी दोन रुग्णालयांतील लेबर रूमची चौकशी करत आहे. माझ्या डॉक्टरांना रात्रपाळीबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी न रागावता इन्चार्ज सिस्टरांची भेट घालून दिली. त्या जीएनएम आहेत आणि रात्रीच्या दोघींपैकी एक जीएनएम, एक एएनएम असते, असे त्यांनी सांगितले. भूलतज्ज्ञ मात्र बोलावल्यावरच येतात.

आई सोलापुरात येऊन राहायला तयार झाली आहे. बाराव्या दिवशी बारसे येथे आणि त्यानंतर माहेरी, असे ठरत आहे. आता एवढेच विचारायचे आहे की, कळांच्या वेळी आत एकाच बाईला परवानगी आहे. आई स्वाभाविकपणे मलाच बरोबर यायचे म्हणते, पण ती फार लवकर घाबरते. नणंद हैदराबादहून यायला तयार आहे. शिवाय यात्रेच्या दिवसांत मध्यवर्ती भागातील रस्ते बंद असतात, त्याचे काय करावे?

निवृत्त परिचारिका

नणंदेला न्यावे. सोबत येणारी स्त्री स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, असे सरकारी रुग्णालयांसाठी २०१६ मध्ये निघालेल्या सूचनांतही म्हटलेले आहे, आणि तिने तर मिडवाइफचे काम जवळून पाहिले आहे. आईला वाईट वाटेल. म्हणून बाळ प्रथम हातात घेण्याचा मान तिचा, असे आधीच ठरवून टाका. नणंदेने आत काय करायचे, तेही तिला सांगून ठेवा. पाठीला खालच्या बाजूने दाबून द्यायचे, घोट घोट पाणी पाजायचे, लघवीला जाण्याची आठवण करायची आणि सिस्टरांशी वाद घालायचा नाही. ती तेलुगू बोलणारी असली तरी सोलापूरच्या लेबर रूममध्ये तेलुगू, कन्नड कळणारे कोणी ना कोणी असतेच.

डॉक्टरसाहेबांचा वेदनाशमनाचा मुद्दा मला मान्य आहे. आमच्या काळात ती सोय नव्हती, म्हणून ती माझ्या बोलण्यात आली नाही. इन्चार्ज सिस्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. प्रसूतीची प्रगती त्या पार्टोग्राफ या आलेखाच्या तक्त्यावर नोंदवतात का, आणि जोर लावताना कुशीवर किंवा बसून राहू देतात का. चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यापासून योनिमार्गाच्या खालच्या भागाला तेलाने हलका मसाज करण्याची पद्धत त्या शिकवत असतील तर शिकून घ्या. पहिलटकरणींना त्याने कात्री आणि टाके लागण्याची शक्यता कमी होते. जंतुसंसर्ग असेल किंवा अंगावरून रक्त जात असेल तर मात्र तो करू नये.

यात्रेचे म्हणाल, तर नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस आणि मार्ग आधीच जाहीर होतात. त्या दिवसांसाठी सिद्धेश्वर मंदिर आणि होम मैदानाचा परिसर टाळून जाणारा रस्ता यजमानांनी एकदा गाडीने पाहून ठेवावा. रुग्णालय त्या गर्दीच्या पलीकडे येत असेल, तर डॉक्टरांना विचारून त्या दिवसांत शहराच्या अलीकडे असलेल्या दुसऱ्या रुग्णालयातही नाव नोंदवून ठेवावे आणि फाइलची प्रत तेथे द्यावी. पहिल्या खेपेला कळ आली की लगेच धावण्याची गरज नसते. साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे. परंतु पाणमोट फुटली, अंगावरून रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर कळांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत डाव्या कुशीवर झोपून राहावे.